दोनशे चाळीस नळ्या

"त्रिशला, प्लेट आजच लावायची," जमादार मॅडम दारातूनच म्हणाल्या. खांद्यावरची पर्ससुद्धा त्यांनी अजून उतरवली नव्हती. "डॉक्टर गोसावींचा फोन होता. ओलेकर बाईचा ताप हटायला तयार नाही."

"पण आपलं गुरुवारचं ठरलंय ना मॅडम?"

"गुरुवारपर्यंत ती राहायला हवी ना."

मी हातमोजे चढवले आणि फ्रीजरकडे निघाले. पण पाय जड झाले होते, आणि त्याला कारण ओलेकर बाई नव्हती, हे आज अकरा वर्षांनी कबूल करायला हरकत नाही.

मिरजेत एका ट्रस्टच्या दवाखान्यामागं आमची तीन खोल्यांची संशोधनशाळा होती. मॅडम प्रमुख, मी तंत्रज्ञ, आणि एक खूप महागडं मशीन. मॅडम त्याला 'जावईबापू' म्हणायच्या. कारण त्याला गार हवा लागायची, वेळच्या वेळी सगळं हातात लागायचं आणि तरी ते कधी रुसेल याचा नेम नसायचा.

त्या मशीनचं काम सांगायला सोपं आहे. आपलं शरीर आजाराशी लढायला उठतं, तेव्हा रक्तातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. धावून या, आग वाढवा, आता पुरे, माघारी फिरा. हे निरोप म्हणजे प्रथिनं. आम्ही खळग्यांच्या प्लेटवर रक्ताच्या एका थेंबात डोळ्यांना न दिसणारे रंगीत मणी सोडायचो. प्रत्येक रंगाचा मणी एकाच प्रथिनाला धरून ठेवतो. मग मशीन एकेक मणी उजेडात तपासतं आणि सांगतं, कुठला निरोप किती. एका थेंबातून एका वेळी सत्तावीस आकडे.

सुवर्णा ओलेकर कवठेमहांकाळकडची. वय चोवीस, पदरात तीन आठवड्यांचं बाळ. अकरा दिवस ताप, आणि जंतू कुठं सापडत नव्हता. डॉक्टर गोसावी पेचात होते. जंतू कुठंतरी लपून बसलेला असेल तर आहे तेच औषध वाढवायचं. पण जंतू केव्हाच मेलेला असेल आणि शरीर स्वतःवरच उलटलेलं असेल, तर उलट शरीराचीच ताकद दाबणारं औषध द्यायचं. चुकीचं दिलं तरी ती जाणार होती, आणि काहीच न देता बसलं तरीही. संध्याकाळी पाचपर्यंत त्यांना आमचे आकडे हवे होते. मणी-रसायनांची एकच पेटी शिल्लक होती, दुसरी यायला आठ दिवस होते. म्हणजे प्लेट एकदाच लावता येणार होती.

फ्रीजरचा दरवाजा उघडला की उणे ऐंशीची वाफ तोंडावर यायची. मी सगळ्यात वरच्या कप्प्यातलं खोकं काढलं. एक्क्याऐंशी घरांचं खोकं, आणि त्यात एकच नळी उरलेली. चिठ्ठीवर निळ्या शाईनं लिहिलेलं, 'घरचा – २४०'. त्यातल्या चाराची शेपटी नेहमीसारखी लांब ओढलेली.

'घरचा' म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या मागच्या गल्लीत तंबोरे, सतारी बनवतात. तिथले चाँदसाहेब एकदा म्हणाले होते, आधी एक तार पक्की करायची, मग बाकीच्या तिच्याशी जुळवायच्या. आमचंही तसंच. प्रत्येक प्लेटवर एका धडधाकट माणसाच्या रक्ताचा तोच तो नमुना ठेवायचा. त्याचे आकडे दर वेळी तेच आले तर प्लेट खरी. नाही आले तर अख्खी प्लेट बाद, मग त्यावर कुणाचा जीव टांगलेला असो. एकदाच भरपूर रक्त काढायचं, त्यातला पिवळसर द्रव बारक्या नळ्यांत भरायचा आणि गोठवून टाकायचा. एक प्लेट, एक नळी. एकदा वितळलेली नळी परत गोठवायची नाही.

आमचा 'घरचा' होता भरतेश मगदूम. चिठ्ठ्याही त्यानंच लिहिलेल्या.

शिरोळचा. माझ्याआधी चार वर्षं तिथं लागलेला. थेंब मोजून उचलायची पिपेट धरायला मला त्यानं शिकवलं. "मनगट सैल सोड की. भाकरी थापतीस तेव्हा काय एवढी ताठ बसतीस?" असं म्हणायचा. मी म्हणायची, "मला भाकरी येत नाही." तो म्हणायचा, "मग हे तरी नीट शीक बाई, पोटापाण्याचं काहीतरी पाहिजे." मी त्याला अहो-जाहो करायची, तो मला अगं-तुगं. मनातल्या मनात मात्र मी त्याला केव्हाचीच अरे-तुरे करत होते.

'घरचा' कोण होणार हे ठरलं त्या दिवशी मला सर्दी होती. सर्दीवालं रक्त चालत नाही. म्हणून त्यानं बाही वर केली आणि रक्त मी काढलं. त्याच्या हाताला मी तेवढं एकदाच हात लावला. शीर सापडत होती, पण मी उगीचच दोनदा चाचपली.

"सापडंना व्हय?" त्यानं विचारलं.

"बोलू नका, हात हलतो."

पहिल्या प्लेटवर त्याचे आकडे आले. सव्वीस अगदी सरळ, आणि बाविसावा जरा चढा. मॅडमनी विचारलं, हा का वर गेला? भरतेश म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी ही सुई घेऊन समोर उभी होती. घाबरलो होतो." सगळे हसले. पुढं प्रत्येक प्लेटवर तो बाविसावा आकडा तसाच चढा येत राहिला. यायचाच. रक्त त्याच दिवसाचं होतं.

दुसऱ्या वर्षी त्याला स्कॉटलंडला जागा मिळाली. निघायच्या दिवशी फ्रीजरची चावी माझ्या हातात देताना तो काय म्हणाला, ते मी पुढं सांगेन. कारण त्या सकाळीही ते मी आठवणार नाही असं ठरवूनच नळी उचलली होती.

मॅडम वर्षभर मागं लागल्या होत्या, "अगं, घरचा संपत आला. नवा माणूस बघ, दोघांना एका प्लेटवर शेजारी शेजारी लाव, म्हणजे जुन्याची नव्याशी सांगड बसेल. शेवटच्या नळीपर्यंत थांबतं का कुणी?" मी "करू मॅडम" म्हणत शेवटच्या नळीपर्यंत थांबले. अखेर मागच्या आठवड्यात त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि माझंच रक्त काढलं. बरोब्बर दोनशे चाळीस नळ्या भरल्या. चिठ्ठ्या मी लिहिल्या. माझं अक्षर गोल आहे, त्यात बघण्यासारखं काही नाही.

तर प्लेट. पोस्टकार्डाएवढी, शहाण्णव बारीक खळग्यांची. शेवटच्या दोन उभ्या ओळींत आठ नमुने जोडीजोडीनं जाणार होते. सगळ्यात वर ओलेकर बाई, मग पाच जण आमच्या नेहमीच्या अभ्यासातले, सातवी मी, आठवा भरतेश. आठ नळ्या एका लांबट धातूच्या थंड स्टँडमध्ये ओळीनं लावायच्या आणि आठ तोंडांच्या पिपेटनं एकदम उचलायच्या. मी नळ्या लावल्या. स्टँड जरा वेळ हातात धरून ठेवला. मग प्लेटवर वाकले आणि भरून टाकलं.

"झालं?" मॅडमनी विचारलं.

"झालं."

मणी सोडले, प्लेट चांदीच्या कागदात गुंडाळली, उजेड लागू नये म्हणून. हलवायला ठेवली, धुतली, परत हलवली. अडीचला जावईबापूंच्या तोंडी दिली. सव्वातीनला कागद बाहेर आला.

मॅडम उभ्यानंच वाचत होत्या. सुरुवातीच्या ओळी, ठाऊक मापाच्या मोजपट्टीच्या, ठीक होत्या. मग त्यांनी चष्मा काढला.

"त्रिशला, ओलेकर बाईचे आकडे अगदी साधे आहेत. हिला तर काहीच झालेलं नाही."

"असं कसं होईल?"

"आणि घरचा बघ." त्यांनी कागद टेबलावर आपटला. "चार हजार, नऊ हजार, एक तर मोजपट्टीच्याही बाहेर. भरतेशच्या रक्तात वणवा पेटलाय. प्लेट बाद."

मॅडम खाली बसल्या आणि फोन पुढं ओढला. "आता गोसावींना काय सांगू? आमची एकुलती एक पेटी वाया गेली, तुम्ही नाणं उडवा म्हणून?"

मी कागद उचलला. खरंतर नुसता उचलायचा म्हणून उचलला, हात रिकामे राहवेनात म्हणून. ओलेकर बाईच्या नावापुढची ओळ वाचायला लागले. तिसऱ्या आकड्याशी थांबले. नवव्याशी परत पहिल्यापासून वाचली. बाविसावा बघायची गरजच नव्हती, तरी बघितला. चढा होता.

"मॅडम, फोन करू नका."

"का?"

"प्लेट बाद नाही. ही ओळ ओलेकर बाईची नाही. हा भरतेश आहे."

मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं, की हिला पाणी द्यावं की सुट्टी. "साधे आकडे आहेत ते. कुठल्याही धडधाकट माणसाचे असू शकतात. माझेसुद्धा."

"नाहीत मॅडम."

"कशावरून? अंदाजानं मी गोसावींना विष द्यायला सांगू? चुकलं तर ते औषध विषच आहे तिला."

"जुनी फाइल काढा," मी म्हटलं. "कुठलीही प्लेट काढा. कागद मला दाखवू नका."

त्यांनी कपाटातून फाइल काढली, मधलंच एक पान उघडलं आणि माझ्याकडे पाठ केली. मी खिडकीकडे तोंड केलं. मागच्या गल्लीत चाँदसाहेबांकडे कुणीतरी तंबोऱ्याची एकच तार पुन्हा पुन्हा छेडत होतं.

"आठ पॉइंट चार," मी सुरुवात केली. "दोन पॉइंट एक. एकशे बारा. मग एकोणीस, कधी वीस. सहा पॉइंट सात. तीनशे चाळीसच्या आसपास, पावसाळ्यात तीनशे तीस. चार. चौदा पॉइंट दोन..."

पाठीमागं पानं उलटल्याचा आवाज आला. एक पान, मग दुसरं, मग पाच-सहा एकदम. त्या वर्षावर्षांची पानं चाळत होत्या आणि मी म्हणत होते. पाढे म्हणावेत तसे सतरा आकडे झाले. अठराव्याला माझा आवाज फाटला.

"पुरे," मॅडम म्हणाल्या.

"बाविसावा आठशे नव्वद. कायम चढा."

"पुरे म्हटलं ना पोरी."

त्यांनी फाइल टेबलावर ठेवली आणि आजचा कागद शेजारी ठेवून बोटानं ओळ लावली. बोट शेवटापर्यंत गेलं. "तोच आहे," त्या हळूच म्हणाल्या. मग एकदम ताठ झाल्या. "पण तो वर कसा गेला? दोनशेवर प्लेटा लावल्यास तू. एक नळी इकडची तिकडं झाली, की सगळीच ओळ उलटली, हे मला कळल्याशिवाय मी फोनला हात लावणार नाही. आठवून सांग. अंदाज नको."

आठवायला काही लागत नव्हतं. सांगायचं मात्र जिवावर आलं होतं. तीस वर्षांची घोडी झाले होते, आईनं स्थळं आणून आणून हात टेकले होते, आणि आजवर एका शब्दानं मी कुणापाशी काही बोलले नव्हते. पण वॉर्डात ती बाई होती आणि घड्याळात पावणेचार वाजले होते.

"मी स्टँड फिरवला," मी म्हटलं.

"कशाला?"

"नळ्या घट्ट बसल्या होत्या. त्याची चिठ्ठी पलीकडच्या बाजूला गेली होती. मला... ती वाचायची होती."

"काय वाचायचं होतं? 'घरचा दोनशे चाळीस'? ते तुला पाठ नाही?"

"अक्षर बघायचं होतं मॅडम. शेवटची होती. परत कधी बघायला मिळणार नव्हती, म्हणून स्टँड माझ्याकडे वळवला. बघितलं. आणि तसाच भरला. सगळी ओळ उलटी झाली. पहिला तो, दुसरी मी, आणि सगळ्यात खाली ओलेकर बाई."

आता त्या ओरडतील, नोकरी जाईल, काय व्हायचं ते होऊ दे असं वाटलं. मॅडमनी फोन उचलला.

"गोसावी? आग तिची स्वतःचीच आहे. हो, सगळे निरोप टिपेला आहेत. एक तर मोजता येत नाही इतका वर गेलाय. कागद पाठवते... आमच्याकडून ओळ उलटी भरली गेली होती, म्हणून उशीर झाला. हो, आमचीच चूक. नाही, आता शंका नाही. मी सही करते." मग जरा थांबून म्हणाल्या, "शंका नाही म्हणते ना. आमच्या मुलीला त्या माणसाचं रक्त ओळखता येतं."

त्यांनी फोन ठेवला. मॅडमनी स्वतः उठून चहा केला. गेल्या आठ वर्षांत त्यांनी तिथं चहा केलेला मी पाहिला नव्हता. साखर दुप्पट पडली होती.

"काय म्हणाला होता तो जाताना?" त्यांनी विचारलं.

आता लपवून काय उपयोग होता? "फ्रीजरपाशी उभा होता. मी म्हटलं, एवढ्या दोनशे चाळीस नळ्या कशाला भरून ठेवल्यात? तर म्हणाला, वर्षाला चाळीस लागतील. सहा वर्षं पुरतील. संपायच्या आत मी परत येतोय."

"बस्स? एवढंच?"

"एवढंच."

"आणि तू सहा वर्षं नळ्या मोजत बसलीस."

"मला पत्र नाही लिहिलं त्यानं. मीही नाही लिहिलं. काय लिहिणार? पण प्रत्येक प्लेटवर तो असायचा ना मॅडम. कधी सोमवारी, कधी गुरुवारी. तसाच, त्याच दिवसाचा, घाबरलेला. एक नळी काढायची म्हणजे तो एक पाऊल जवळ आला असं धरायचं की एक पाऊल कमी झालं असं धरायचं, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही."

मॅडमनी कप खाली ठेवला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, टेबलावरच्या कागदाकडे बघत होत्या.

"एक सांगू? मला वाटायचं, त्याला कामाची काळजी आहे. आमच्या दर ईदला मला त्याची मेल यायची. ईद मुबारक, तब्येत कशी आहे, आणि शेवटी एक ओळ. 'घरचा किती राहिला?' मी आपली कळवत गेले. एकशे साठ राहिल्या. एकशे वीस राहिल्या. ऐंशी."

सहा वर्षं मला वाटत होतं, मोजणारी मी एकटीच आहे.

"गेल्या ईदला?" मी विचारलं.

"गेल्या ईदला मुबारक आलं." मॅडमनी कप बाजूला सारला. "ती ओळ नव्हती."

खाली अंगणात कुणीतरी सायकल लावली. मी कागद जवळ ओढला. वरून पहिली ओळ त्याची, दुसरी माझी. सहा वर्षांत पहिल्यांदा आम्ही असे शेजारी शेजारी आलो होतो, आणि तेही उलटे. त्याचा बाविसावा चढा. माझा बाविसावा मी शोधला. अगदी सरळ, साधा, बाकीच्यांसारखाच. त्या सत्तावीस आकड्यांत माझं काहीच उमटलं नव्हतं. मला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले.

साडेपाचला गोसावींचा निरोप आला, औषध सुरू केलं. तिसऱ्या दिवशी ओलेकर बाईचा ताप उतरला. पुढच्या महिन्यात ती बाळाला घेऊन घरी जाताना व्हरांड्यात दिसली. तिला आम्ही कोण ते माहीत असायचं कारण नव्हतं. बाळाच्या कपाळावर काजळाची केवढी तरी मोठी तीट होती.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी मी टेबल आवरलं. रिकाम्या नळीच्या तळाशी थेंबभर राहिलं होतं. वितळलेलं परत गोठवायचं नाही, हा नियम मला त्यानंच शिकवला होता. मी नळी जंतुनाशकाच्या बादलीत टाकली. निळी शाई जरा वेळ दिसली, मग फिकट होऊन गेली.

मॅडम दिवा बंद करायला आल्या तेव्हा मी फ्रीजरपाशीच उभी होते.

"चल आता," त्या म्हणाल्या.

"मॅडम, येत्या ईदला समजा त्यानं विचारलं तर?"

"नाही विचारणार गं."

"समजा विचारलंच. किती राहिल्या म्हणून. तर काय लिहाल?"

मॅडमनी माझ्याकडे नीट बघितलं. "तू सांग. काय लिहू?"

फ्रीजरच्या वरच्या कप्प्यात आता नवी खोकी होती, माझ्या गोल अक्षरांची. मी सकाळीच त्यातली एक काढली होती.

"दोनशे एकोणचाळीस लिहा," मी म्हटलं.